एलेन विलिस यांचे लेखन : रॉक संगीत, कायदा आणि एक समान कसोटी

१

वृत्तव्यवसायात आयुष्य घालविलेल्या लेखकाचे मूल्यमापन करताना अभ्यासकापुढे एक नेहमीची अडचण उभी राहते. अशा लेखकाचे लेखन प्रसंगाप्रसंगाने झालेले असते. त्याचे विषय काही अंशी त्याने स्वतः निवडलेले असतात, तर काही अंशी संपादकाने, हंगामाने आणि घटनांनी त्याच्या हाती दिलेले असतात. पुढे हे लेखन ग्रंथरूपाने एकत्र आले, तरी त्यातून पुष्कळदा केवळ संग्रह सिद्ध होतो. एकसंध ग्रंथाची प्रतीती त्यातून येत नाही. अमेरिकन लेखिका एलेन विलिस (१९४१–२००६) यांच्या बाबतीत ही अडचण अधिकच तीव्र आहे. बॉब डिलन आणि जॅनिस जॉप्लिन यांच्या गायनावर लिहिणारी लेखणीच गर्भपाताच्या कायद्यावर, बलात्काराच्या खटल्यावर, अश्लीलतेच्या नियंत्रणावर आणि डाव्या पक्षांच्या राजकारणावर लिहिते. ह्या लेखनात काही आंतरिक एकसूत्रता आहे काय, की ती केवळ एका चतुर पत्रकाराची बहुविषयता आहे, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो.

विलिस यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांनी ह्या प्रश्नाला नकळत एक विशिष्ट वळण दिले. २०११ साली त्यांचे संगीतविषयक लेख ‘आउट ऑफ द व्हाइनिल डीप्स’ ह्या नावाने स्वतंत्रपणे संकलित झाले. त्यामुळे संगीताच्या अभ्यासकांना एक विस्मृतीत गेलेली समीक्षक पुन्हा लाभली, हे खरेच आहे. परंतु त्याबरोबरच संगीतसमीक्षक विलिस आणि स्त्रीमुक्तिवादी विलिस अशी त्यांच्या वाचकवर्गाची वाटणीही दृढ झाली. २०१४ सालच्या ‘द इसेन्शल एलेन विलिस’ ह्या बृहत् संग्रहात दोन्ही प्रकारचे लेखन शेजारी शेजारी आले. समीक्षाग्रंथासाठी असलेले अमेरिकेच्या नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचे पारितोषिकही त्याला मिळाले. तरीही शेजारी ठेवणे वेगळे आणि परस्परसंबंध दाखविणे वेगळे. हा संबंध केवळ भूमिकेचा नसून पद्धतीचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. गाणे ऐकताना विलिस यांना जी कसोटी सापडली, तीच त्यांनी कायद्याला लावली. आणि त्या कसोटीचे सामर्थ्य व तिच्या मर्यादा ह्या दोहोंचा प्रत्यय तिच्या ह्या दुहेरी उपयोगातूनच येतो.

२

चरित्राचा तपशील येथे थोडक्यात पुरेसा आहे. विलिस यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात झाला. त्यांचे वडील त्या शहराच्या पोलीस दलात अधिकारी होते. बार्नर्ड महाविद्यालयाची पदवी घेतल्यावर बर्कली येथे त्यांनी काही काळ तौलनिक साहित्याचा अभ्यास केला. पण त्यांचे मन विद्यापीठापेक्षा नियतकालिकांत रमले. १९६७ साली ‘चीता’ ह्या मासिकात बॉब डिलनवरील त्यांचा प्रदीर्घ निबंध आला आणि त्याच्या बळावर १९६८ साली ‘द न्यू यॉर्कर’ ह्या प्रतिष्ठित साप्ताहिकाने त्यांना आपले पहिले लोकप्रिय संगीताचे समीक्षकपद दिले. हे सदर त्यांनी १९७५ पर्यंत चालविले. १९६९ साली शुलामिथ फायरस्टोन यांच्यासह त्यांनी ‘रेडस्टॉकिंग्ज’ हा स्त्रीमुक्तिवादी गट स्थापन केला. म्हणजे संगीताचे सदर आणि चळवळ ह्यांचा आरंभ वर्षभराच्या अंतराने झाला आणि दोन्ही कार्ये काही वर्षे एकाच टेबलावर चालली. पुढे ‘रोलिंग स्टोन’ आणि ‘द व्हिलेज व्हॉइस’ ही त्यांच्या लेखनाची प्रमुख व्यासपीठे झाली, आणि १९९५ साली न्यू यॉर्क विद्यापीठात त्यांनी सांस्कृतिक वृत्तलेखन व समीक्षा ह्या विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला. हयातीत त्यांचे तीन निबंधसंग्रह निघाले : १९८१ चा ‘बिगिनिंग टु सी द लाइट’, १९९२ चा ‘नो मोअर नाइस गर्ल्स’ आणि १९९९ चा ‘डोन्ट थिंक, स्माइल!’ पहिल्या संग्रहाला एका रॉक गीताचे शीर्षक आहे, आणि दुसऱ्याचे नाव गर्भपाताच्या हक्कासाठी १९७७ च्या सुमारास निघालेल्या एका पथनाट्यगटाच्या नावावरून आले आहे. त्यांच्या कार्याची दोन टोके ह्या दोन शीर्षकांतच दिसून येतात.

३

डिलनवरील निबंधाचा विषय वरवर पाहता एका गायकाची कारकीर्द हा आहे. लोकगीतांच्या निषेधपर परंपरेतून डिलन पुढे आला, १९६५ मध्ये त्याने विजेच्या गिटारीचा अंगीकार केला, त्यामुळे जुने अनुयायी संतापले, आणि १९६६ च्या जुलैमध्ये मोटरसायकलच्या अपघातानंतर तो लोकांच्या नजरेआड झाला. विलिस यांचे लक्ष मात्र ह्या घटनाक्रमापेक्षा त्यामागील संघर्षाकडे आहे. डिलनच्या श्रोत्यांना तो कायमचा एकाच रूपात हवा होता. त्याने मात्र मुखवट्यामागून मुखवटे धारण केले, आणि ते बदलणे हाच त्याच्या कलाकृतीचा भाग झाला. विलिस ह्याला फसवणूक मानीत नाहीत. आपण कोण आहोत हे ठरविण्याचा अधिकार समाजाच्या हाती न देण्याची ती एक रीत आहे, असे त्यांच्या विवेचनातून सूचित होते. व्यक्तीची ओळख निश्चित करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न येथे प्रथम उपस्थित होतो. कायद्याच्या संदर्भात तोच पुढे फार वेगळ्या गांभीर्याने परत येतो.

रॉक संगीताविषयी त्या काळी प्रचलित असलेला भाबडेपणा विलिस यांनी आरंभापासून टाळला. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉक येथे झालेल्या संगीतोत्सवाला सुमारे चार लाख तरुण जमले आणि नव्या समाजाची पहाट म्हणून त्याचा गौरव झाला. ‘द न्यू यॉर्कर’मधील विलिस यांच्या लेखात ह्या गौरवाची चिकित्सा आहे. आयोजकांची अव्यवस्था हीच पुढे पुण्याई कशी ठरली, आणि रॉक हे मुळापासूनच व्यापाराशी बांधलेले संगीत असताना त्याला निर्मळ लोककला मानण्यात क्रांतिवाद्यांची कशी फसगत होते, ह्याकडे त्या लक्ष वेधतात. तरीही व्यापारी असल्यामुळे ते संगीत खोटे ठरते, असा निष्कर्ष त्या काढीत नाहीत. सामान्य माणसाला बाजारात मिळणाऱ्या वस्तूतही खरा आनंद आणि खरी मुक्ती लाभू शकते, हा त्यांचा आग्रह आहे. ग्राहक स्त्रियांना जाहिरातींनी भुललेल्या बाहुल्या मानणाऱ्या डाव्या विचारवंतांवर १९७० साली त्यांनी केलेली टीकाही ह्याच आग्रहातून आली आहे.

विलिस यांच्या संगीतसमीक्षेतील सर्वांत महत्त्वाचा विचार १९७१ च्या एका सदरात आढळतो. पुरुषाने स्त्रीविषयी लिहिलेल्या गीतात पक्षपात किती आहे हे पाहण्यासाठी त्या एक ढोबळ युक्ती सुचवितात : गीतातील स्त्रीपुरुषांच्या जागा बदलाव्यात. ही कसोटी लावताच एक अनपेक्षित निष्कर्ष हाती येतो. ‘रोलिंग स्टोन्स’ ह्या वाद्यवृंदाचे ‘अंडर माय थंब’ हे गीत उघडउघड उद्धट आहे. परंतु सूड उगविल्याचा तो आनंद एखाद्या स्त्रीच्या तोंडीही शोभू शकतो. उलट कॅट स्टीव्हन्सच्या ‘वाइल्ड वर्ल्ड’ ह्या हळुवार गीतात सोडून जाणाऱ्या प्रेयसीला जगाच्या कठोरपणाविषयी दिलेला सावधगिरीचा इशारा कोणतीही स्त्री आपल्या प्रियकराला देईल, अशी कल्पनाही करवत नाही. त्यामुळे अपमानास्पद वाटणाऱ्या पहिल्या गीतापेक्षा सहानुभूतीने भरलेले दुसरे गीतच विषमतेवर अधिक अवलंबून आहे, असे ठरते. सौम्य स्वरातील पालकत्वाचा भाव हा विषमतेचा अधिक खोल आविष्कार असतो, हे ह्या छोट्याशा प्रयोगाने दाखविले.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘सेक्स पिस्टल्स’च्या पंक संगीतावर लिहिताना ह्याच विचाराचा विस्तार झाला. ह्या संगीताचा आशय कित्येकदा स्त्रीविषयी तिरस्काराचा आहे, हे विलिस यांना पुरेपूर ठाऊक होते. त्यातील एक गीत तर गर्भपाताविषयीच्या किळसेने भरलेले आहे, आणि विलिस ह्या त्याच हक्काच्या आघाडीच्या कार्यकर्त्या! असे असूनही आपल्याला काय हवे आणि काय नको हे निर्भयपणे ठणकावून सांगणारी त्या संगीताची आकृती ऐकणाऱ्या स्त्रीलाही स्वतःच्या मुक्तीसाठी बळ देते, आणि केवळ विचार योग्य असलेले भित्रे संगीत तिला भित्रेच करते, असा अनुभव त्यांनी नोंदविला. आशय आणि आकृती परस्परविरोधी असू शकतात, आणि अशा वेळी समीक्षकाने दोहोंचीही साक्ष घेतली पाहिजे, हे येथील सूत्र होय.

हे सूत्र त्यांनी आंधळेपणाने वापरले नाही, ह्याची खूण जॅनिस जॉप्लिनवरील १९७६ च्या निबंधात मिळते. १९७० साली अकाली मरण पावलेल्या ह्या गायिकेला रॉकने अभूतपूर्व स्वातंत्र्य दिले. परंतु ते पुरुषांनी घालून दिलेल्या अटींवर दिलेले स्वातंत्र्य होते, आणि त्याचे मोल तिला स्त्री म्हणून मोजावे लागले. आकृतीने दिलेली मुक्ती कोठे संपते, हे विलिस यांना जॉप्लिनच्या उदाहरणातून उमगले.

४

आता कायद्याकडे वळावे. १९६९ च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्क राज्याच्या विधिमंडळाच्या एका समितीने गर्भपाताच्या कायद्यातील सुधारणेविषयी साक्षी घेतल्या. तोवर त्या राज्यात मातेचा जीव वाचविण्यापुरतीच गर्भपाताला अनुमती होती. तज्ज्ञ म्हणून बोलाविलेल्या पंधरा साक्षीदारांत चौदा पुरुष होते, आणि उरलेली एकमेव स्त्री ही कॅथलिक नन होती. सभागृहातील काही स्त्रियांनी मध्येच उठून ह्या विषयातील खऱ्या तज्ज्ञ आम्ही आहोत, आमचे ऐका, अशी मागणी केली. अखेर समितीला बंद दाराआड बसावे लागले. विलिस यांनी ह्या प्रसंगाचे वृत्त ‘द न्यू यॉर्कर’च्या स्वाक्षरीविरहित सदरात लिहिले. पुढील महिन्यात रेडस्टॉकिंग्जने एका चर्चमध्ये स्वतःचीच साक्षसभा भरविली आणि त्या काळी उच्चारणेही कठीण असलेले अनुभव स्त्रियांनी जाहीरपणे सांगितले.

ह्या वृत्ताची रचना लक्षपूर्वक पाहिली म्हणजे संगीतसमीक्षेतील कसोटी येथेही ओळखू येते. समितीपुढील सुधारणेचा आशय उदार होता. काही अपवादात्मक परिस्थितींत गर्भपाताला मुभा द्यावी, असा तिचा रोख होता. आकृती मात्र जुनीच होती. निर्णय पुरुषांनी घ्यावयाचा, अपवाद त्यांनी मान्य करावयाचे, आणि स्त्रीने आपण त्या अपवादास पात्र आहोत हे सिद्ध करून दाखवावयाचे. ह्या उदारतेत आणि ‘वाइल्ड वर्ल्ड’मधील हळुवारपणात तत्त्वतः अंतर नाही. एक कल्पना करून पाहावी : केवळ पुरुषांच्या शरीराला बंधनकारक असलेल्या एखाद्या कायद्यावर चौदा स्त्रिया आणि एक संन्यासी ह्यांची साक्ष होत आहे. असे दृश्य कोणत्याही विधिमंडळात हास्यास्पदच ठरेल. चळवळीने सुधारणा नाकारून कायदा संपूर्ण रद्द करण्याची मागणी केली, तिचे कारण हेच होते. १९७० साली न्यू यॉर्क राज्याने चोवीस आठवड्यांपर्यंतचा गर्भपात कायदेशीर ठरविला आणि १९७३ मध्ये ‘रो विरुद्ध वेड’ ह्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या हक्काला राज्यघटनेचा आधार दिला.

परंतु न्यायालयाने दिलेला हक्क आणि समाजाने मानलेला हक्क ह्यांतील अंतर विलिस यांनी लवकर ओळखले. १९७६ च्या हाइड दुरुस्तीने गरीब स्त्रियांच्या गर्भपातासाठी केंद्राचा निधी जवळजवळ बंद केला आणि १९८० साली न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. ह्या काळात, १९७९ मध्ये, विलिस यांनी लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच स्त्री ही व्यक्ती आहे काय, असा प्रश्न आहे. गर्भाला व्यक्ती मानावे की नाही, ह्या तात्त्विक वादात सगळे गुंतलेले असताना त्यांनी वादाचा केंद्रबिंदूच हलविला. स्त्रीला गर्भाला नुसते जगू देता येत नाही, आपल्या देहाने तिला त्याचे पोषण करावे लागते. तिची इच्छा नसताना हे लादणे म्हणजे तिच्या शरीरावरील आक्रमण होय, असा त्यांचा युक्तिवाद आहे. स्त्रीवर असे दायित्व लादताना तिच्या व्यक्तित्वाचा प्रश्न कोणी विचारीतच नाही, आणि ह्या विस्मरणात पुरोगामी पुरुषही सहभागी आहेत, हा त्यांच्या टीकेचा रोख आहे. आपण कोण आहोत हे कोणी ठरवावयाचे, हा डिलनवरील निबंधातील प्रश्नच येथे परत आला आहे. फरक इतकाच की गायकाच्या बाबतीत कीर्ती पणाला लागली होती आणि येथे देह पणाला लागला आहे.

५

ह्या कसोटीची खरी परीक्षा अश्लीलतेच्या वादात झाली, कारण तेथे विलिस यांचे प्रतिपक्षी त्यांच्याच चळवळीतील होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्त्रीवाद्यांच्या एका प्रबळ गटाने अश्लील साहित्याविरुद्ध मोहीम उघडली. १९८३ मध्ये कॅथरिन मॅकिनन आणि आंद्रिया ड्वॉर्किन यांनी मिनिआपोलिस शहरासाठी एका अध्यादेशाचा मसुदा सिद्ध केला. अश्लील साहित्य म्हणजे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव, अशी व्याख्या करून बाधित स्त्रियांना नुकसानभरपाईचा दावा लावण्याचा हक्क त्यात दिला होता. त्या शहराच्या महापौरांनी तो नाकारला. इंडियानापोलिसने १९८४ साली तशाच स्वरूपाचा कायदा केला. पण संघराज्यीय न्यायालयांनी तो घटनाबाह्य ठरविला आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

विलिस यांनी १९७९ पासूनच ह्या मोहिमेला विरोध केला. बरेचसे अश्लील साहित्य स्त्रीद्वेष्टे असते हे त्यांनी नाकारले नाही. त्यांचा आक्षेप असा की, सुसंस्कृत शृंगार आणि हीन अश्लीलता ह्यांतील सीमारेषा बहुधा ज्याच्या त्याच्या आवडीवरून आखली जाते. आणि ती आखण्याचा अधिकार शासनाकडे गेला म्हणजे सोज्ज्वळ स्त्रीची जुनी प्रतिमाच नव्या नावाने प्रतिष्ठित होते. संगीताविषयीचे सूत्र येथे कायद्याचे सूत्र झाले आहे. आशय अपमानास्पद असला तरी त्याचा परिणाम आशयावरून एकरेषीय पद्धतीने ठरत नाही. ऐकणारी किंवा पाहणारी स्त्री त्यातून स्वतःसाठी काय घेते ह्यालाही मोल आहे. उलट रक्षणाच्या हेतूने केलेल्या कायद्याची आकृती पालकत्वाची असते, आणि ती आकृतीच स्त्रीला दुय्यम ठरविते.

ह्या ठिकाणी नॅट हेंटॉफ (१९२५–२०१७) यांची तुलना उद्बोधक आहे. १९५८ ते २००८ अशी पन्नास वर्षे ‘द व्हिलेज व्हॉइस’मध्ये लिहिणारे हेंटॉफ हेही संगीत आणि कायदा ह्या दोन्ही क्षेत्रांत वावरणारे पत्रकार होते. जॅझ हे त्यांचे पहिले प्रेम. पण डिलनच्या १९६३ च्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील मजकूर आणि १९६४ मधील ‘द न्यू यॉर्कर’मधील त्याचे शब्दचित्रही त्यांचेच. भाषणस्वातंत्र्याच्या प्रश्नावर ते आणि विलिस एका बाजूला होते, तर गर्भपाताच्या प्रश्नावर १९८० च्या दशकात हेंटॉफ यांनी नेमकी उलट भूमिका घेतली. संगीताची आवड आणि नागरी स्वातंत्र्याचा कळवळा समान असूनही निष्कर्ष भिन्न होतात, ह्याचे कारण पद्धतीत शोधावे लागते. हेंटॉफ तत्त्वाकडून प्रसंगाकडे येतात. घटनेने दिलेले संरक्षण ते दुर्बल जिवाच्या बाजूने उत्तरोत्तर विस्तारीत नेतात. विलिस अनुभवाकडून तत्त्वाकडे जातात; कायद्याचा भार ज्या शरीरावर पडतो त्या शरीराची साक्ष त्या प्रथम घेतात. एकाच वृत्तपत्राच्या पानांवर झालेला हा विरोध अमेरिकन उदारमतवादाच्या दोन प्रवृत्तींचा प्रातिनिधिक विरोध म्हणून अभ्यासण्याजोगा आहे.

६

विलिस यांच्या पद्धतीतील उणिवाही स्पष्टपणे नोंदविल्या पाहिजेत. पहिली उणीव अशी की, अनुभव म्हणजे पुष्कळदा लेखिकेचा स्वतःचा अनुभव. उद्दाम आकृती श्रोत्याला बळ देते हे विधान त्यांच्यापुरते खरे असले, तरी तेच गीत ऐकून दुसरी स्त्री केवळ दुखावली जात असेल, तर तिच्या साक्षीचे मोल किती, ह्याचे समाधानकारक उत्तर त्यांच्या लेखनात मिळत नाही. अश्लीलतेच्या वादात प्रतिपक्षाचा मूळ मुद्दा हाच होता. दुसरी उणीव अशी की, त्यांच्या रॉकविषयक लेखनाच्या केंद्रस्थानी प्रामुख्याने श्वेतवर्णीय कलावंत आहेत. जागा बदलण्याची कसोटी स्त्रीपुरुषभेदाला त्यांनी जितक्या तीक्ष्णपणे लावली, तितक्या सातत्याने वर्णभेदाला लावली नाही. ज्या संगीताची मुळे कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये आहेत, त्याच्या समीक्षेत हे न्यून विशेष जाणवते. तिसरी गोष्ट, कामवासनेच्या मुक्तीतून सामाजिक मुक्ती साधेल हा विल्हेल्म राइख यांच्याकडून आलेला विश्वास उत्तरकालीन निबंधांत इतका दृढ होतो की, काही ठिकाणी तो सिद्धांत असल्याचे त्या जणू विसरतात.

तथापि ह्या उणिवा कसोटीच्या अपुऱ्या वापराच्या आहेत. त्यांमुळे कसोटी बाद होत नाही. विरोधी साक्ष ऐकणे आणि वर्णभेदापर्यंत ती कसोटी नेणे, ही दोन्ही कामे तिच्या तर्काला धरूनच पुढे करता येण्यासारखी आहेत.

२४ जून २०२२ रोजी ‘डॉब्स’ खटल्याच्या निकालाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो’चा निर्णय रद्द केला आणि गर्भपाताचा प्रश्न पुन्हा राज्यांच्या विधिमंडळांकडे गेला. विलिस यांच्या निधनाला तेव्हा साडेपंधरा वर्षे लोटली होती. १९६९ च्या त्या समितीपुढील प्रश्न, म्हणजे साक्ष कोणाची आणि निर्णय कोणाचा, ह्या निकालाने अनेक राज्यांत नव्याने उभा केला. वर्तमानपत्री लेखन त्या त्या दिवसापुरते असते, ह्या समजुतीला स्वाक्षरीही नसलेले ते छोटेसे वृत्त एक उत्तर आहे. मात्र त्याचे टिकाऊपण कळण्यासाठी ते १९७१ च्या संगीतसदरासह वाचावे लागते. ज्या श्रवणाने विलिस यांना हळुवार गीतातील पालकत्व ओळखता आले, त्याच श्रवणाने त्यांना उदार कायद्यातील पालकत्व ओळखता आले. संगीताचे अभ्यासक आणि स्त्रीवादाचे अभ्यासक ह्यांनी आपापला अर्धा ग्रंथ वाचून समाधान मानणे म्हणूनच इष्ट नव्हे.